यादी भाग एकशे चौदा

अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली,
माणसं नावानं कधी कळलीच नाहीत.
कळली ती उतरण्याच्या जागेनं:
रबाळे नाका, एमआयडीसी गेट, दिघा शाळा,
आणि शेवटचा थांबा, जिथे बस वळायची
आणि डोंगर सुरू व्हायचा.

निवृत्तीनंतर हातात आता मतदारयादी.
भाग क्रमांक एकशे चौदा, इलठणपाडा.
टपालाच्या तिकिटाएवढे फोटो, काळपट,
सगळे एकाच गुन्ह्यातले वाटावेत असे.
अनुक्रमांक चाळीस: शेवंता किसन खंदारे, स्त्री, वय त्रेपन्न.
अच्छा. म्हणजे ही ती रबाळे नाका,
मुठीतून घामेजलेली नाणी काढणारी.

चढ आहे. पायऱ्या सिमेंटच्या, प्रत्येकीची उंची वेगळी,
ज्याच्या दारापुढे जेवढं सिमेंट उरलं तेवढी.
गुडघा पायरीगणिक बेल मारतो.
दारात उभं राहून एकच सांगतो:
मी कुणाचा नाही. झेंडा नाही, पाकीट नाही, साडी तर नाहीच.
आता पंधरा दिवस जो जो हात जोडून येईल
त्याला पाणी द्या, आणि विचारा,
नऊ दहानंतरची बस कुठे आहे?
दुसरी पाळी अकराला सुटते.
एवढं गणित सोडव म्हणावं, मग पुढची गोष्ट.

रुखसाना अत्तार म्हणाली, विचारीन, पण लिहून द्या, विसरते मी.
लिहून दिलं.
मुरुगेसन इडलीचं भांडं घासत होता.
पहाटे चारची पण विचारू का?
विचार की. पहाटही याच वॉर्डात उजाडते.

हिराजी केणी मात्र हसला.
कंडक्टर, तुझी बस आली
तर माझ्या पोराची रिक्षा कुणी भरायची?
याचं उत्तर माझ्या पिशवीत नव्हतं.
सुटे नाहीत, म्हटलं.
त्यानं चहा पाजला.

अनुक्रमांक तीनशे सात. सुंदराबाई उमाजी ढवळे, वय सत्तर.
फोटोत डोळे मिटलेले, दारात टक्क उघडे.
"तूच ना तो?
नाल्याच्या पुलावरून हात करत होते मी.
पोरगी कळा देत होती.
तू पाहिलंस. पाहून डबल बेल दिलीस."

मला आठवत नाही.
खरं तर असे हात पुष्कळ आठवतात,
इतके, की त्यातला तिचा कुठला ते सांगता येईना.
गाडी भरलेली असायची. वेळ गाठायची असायची. डेपोत शेरा बसायचा.
सगळं ओठापर्यंत आलं
आणि मी तिच्या नावापुढे पेनानं टिंब गिरवत राहिलो,
कागद फाटेपर्यंत.

"बरं, काय विचारायचं म्हणतोस?"
सांगितलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.
"दहानंतरची. हां."
मग आत बघून, "रेवती, बाहेर ये गं.
ही ती. पुलापाशीच झाली."

अठरा पूर्ण, ऑगस्टात.
यादी उलटीपालटी केली. नाव नाही.
नमुना सहा पिशवीत होता, पण मुदत
गेल्या महिन्यातच संपलेली.
पुढच्या वेळी, म्हणालो.
पुढची कधी? तिनं विचारलं.
थांब्यावर लोक मला विचारायचे, अगदी तसंच.

फॉर्म तिनं भरला तरी.
वरच्या आळीची पानं माझ्याकडून काढून घेतली,
तुम्हाला चढवणार नाही आता, म्हणाली,
आणि चप्पल घालून निघाली.

खाली उतरलो तेव्हा साडेनऊ.
माझीच बस माझ्या लक्षात राहिली नव्हती.
थांब्याच्या पत्र्याखाली एक कुत्रं, एक मी.
वळणावर दिवे दिसले. हात आपोआप वर गेला.

पाण्याचा टँकर.
ड्रायव्हरनं पाहिलं.
पाहून गेला.